जोडपेशा

दुपारी दीड वाजता येवल्यात एखादा परका माणूस उतरला, तर त्याला वाटावं की गावावर कुणी मोहिनी घातली आहे. दुकानांची शटरं अर्धी खाली, ओट्यावरची कुत्रीसुद्धा कुशीवर, आणि घराघरांत जेवून उठलेली माणसं कपाळाला बोटभर रुंदीची मऊ पट्टी लावून आडवी झालेली. वामकुक्षी गावाला नवी नव्हती. एक ते चार दुकान बंद ठेवायचं आणि गिऱ्हाइकाने कडी वाजवली तर रागवायचं, हेही जुनंच. नवी होती ती पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडचं 'नवखंड'.

नवखंड हा खेळ होता. फक्त तो पडद्यावर खेळायचा नसे. झोप लागता लागता माणूस जरा वेळ धुक्यात असतो, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकू येते आणि तीच आत कुठेतरी आगगाडी होऊन जाते. एरवी चार-पाच मिनिटांत विरणारं ते धुकं ही पट्टी पाऊण तास धरून ठेवी. तेवढ्या वेळात लाखो माणसं एकाच स्वप्नात उतरत. तिथे नऊ मुलूख होते, बोलणारे डोंगर होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक पेशा घ्यावा लागे. कुणी रक्षक, कुणी वैद्य, कुणी वाटाड्या, कुणी मांत्रिक, कुणी कारागीर. एका माणसाला एकच पेशा. दुसरा हवा असेल तर पहिला पुसून अगदी मुळापासून सुरुवात करायची.

विलास उंबरे, वय वर्षं बहात्तर, नवखंडात नऊ वर्षं विणकर होते. जागेपणीही ते विणकरच. चाळीस वर्षं त्यांनी पैठण्या विणल्या होत्या. त्यांची मुलगी गौतमी त्यांची थट्टा करायची, "पप्पा, स्वप्नात तरी दुसरं काही व्हा ना! लोक तिथे वाघावर बसून फिरतात. तुम्ही तिथेही माग मांडून बसलात."

"मला दुसरं येतंय काय?" पप्पा म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी पप्पांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाच्या कपापुरता, मग छोट्या तिल्लीवर गुंडाळलेला रेशमाचा धागा धरता येईना इतका. मागावरचा शेवटचा पदर त्यांनी कसाबसा उतरवला आणि माग जुन्या चादरीने झाकून टाकला. त्यानंतर गौतमीने ती थट्टा कधी केली नाही. नवखंडात पप्पांचा हात थरथरत नव्हता.

तिथे त्यांची तक्रार एकच होती. कारागिरांच्या मुलखाच्या कडेने काजळी नावाची नदी वाहायची. पलीकडे जंगल. तिथल्या तराफ्यावर फक्त वाटाड्याला जागा मिळे, ओझंवाल्या कारागिराला नाही; खेळाचा नियमच तसा. रोज खेळ संपता संपता तिथे संध्याकाळ होई आणि पलीकडच्या झाडांच्या बुंध्यांवर एक रंग पेटे. चाळीस वर्षं रेशमात घालवलेल्या माणसाला त्या रंगाला नाव देता येत नव्हतं. "जांभूळ खाल्ल्यावर आठळीला जो गर चिकटून राहतो ना," ते फोनवर सांगत, "त्याच्यात थोडा दिवा लावला तर. तसा काहीसा." आणि मग हमखास विचारत, "ते जोडपेशाचं कुठवर आलं गं?"

कारण जोडपेशाचं काम गौतमीकडेच होतं.

*

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका चार मजली इमारतीत नवखंड बनत असे. गौतमी तिथे बारा वर्षं होती. दोन पेशे एका माणसाला देता यावेत ही मागणी खेळाइतकीच जुनी होती, आणि ती पुरी न होण्याचं कारण कंपनीच्या आडमुठेपणात नव्हतं, माणसाच्या डोक्यात होतं.

हातापायांचं कसब मेंदूत मुरतं ते झोपेत. दिवसभर सायकल शिकलेला माणूस रात्री झोपतो आणि सकाळी त्याचा तोल सावरलेला असतो, तो त्यामुळे. नवखंड त्याच मुरण्याच्या वेळेत खेळला जाई, म्हणून तिथला वैद्य खरोखर हळुवार बोटांचा होई आणि तिथला रक्षक सहसा पायऱ्यांवरून घसरत नसे. अडचण एवढीच की ओल्या रंगावर दुसरा रंग दिला की दोन्ही बिघडतात. एक कसब मुरत असताना दुसरं शिकवलं, तर दुसरं पहिल्याला खाऊन टाकी. सुरुवातीच्या चाचणीत दोन पेशे सरळ एकत्र केले, तेव्हा वैद्य-रक्षक झालेली माणसं जखमी दिसला की तलवार उपसू लागली. मग दोन्ही पेशे पार वेगळे ठेवून पाहिले, तर एकातून दुसऱ्यात जाताना माणसं मधल्या फटीत अडकत. एक बँकेतले साहेब सबंध पाऊण तास नवखंडात एका दगडाकडे बघत उभे होते. उठल्यावर म्हणाले, फार शांत वाटलं. कंपनीला मात्र ते परवडणारं नव्हतं.

गौतमीला उत्तर सुचलं ते विणकराच्या घरात वाढली म्हणून. पैठणीच्या पदरावर हिरव्या पोपटाला लागून लाल जमीन येते, तेव्हा हिरवा धागा आणि लाल धागा एकमेकांत मिसळत नाहीत आणि सुटेही राहत नाहीत. सीमेवर दोघं एकमेकांत अडकतात आणि आपापल्या बाजूला मागे फिरतात. अडकवलं नाही तर मध्ये चीर राहते. ओळीओळीला असं अडकवत गेलं की रंग दोन राहतात, कापड एक होतं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिने हे हजार वेळा पाहिलं होतं.

मेंदूत अडकवायचं कशाने, हेही तिला माहीत होतं. घरी ऐसपैस गावाकडचं बोलणारी बाई ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवते आणि जीभ आपोआप वेगळी वळते. ती पायरी ही खूण असते. मेंदू त्या खुणेवरून ओळखतो की आता कुठलं कसब बाहेर काढायचं. गौतमीने ठरवलं की प्रत्येक खेळाडूने एक खूण द्यायची. एखादा वास, एखादा आवाज, जो आठवला की मन लगेच जागचं हलतं असा. पेशा बदलायच्या क्षणी पट्टी ती आठवण डोळ्याचं पातं लवेल एवढा वेळ जागी करी. तेवढ्याने सांधा बसे. खूण जितकी जिवाभावाची, तितका सांधा पक्का.

स्वतःवरच्या पहिल्या चाचणीत तिने खूण म्हणून पप्पांच्या मागाचा ठोका दिला. शाळेतून आल्यावर ती मागाच्या खड्ड्याशेजारी चटईवर झोपायची. उजवीकडे पप्पा, डावीकडे आई. एक ओळ भरून झाली की फणी ओढून ठोका. तो आवाज ऐकला की आजही पोटात काहीतरी उबदार हलायचं, घरात सगळे आहेत आणि आपण झोपलो तरी चालेल असं वाटायचं. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिने तो मोबाइलवर घेऊन ठेवला होता. पहिल्या यंत्राला खूण दोन सेकंदांत बसवावी लागे, म्हणून रिवाजाप्रमाणे आवाजातल्या मुक्या जागा तिने कापून टाकल्या. ठक-ठक, ठक-ठक, एवढंच उरलं.

सांधा बसला. आणि काय बसला! ती नवखंडात वैद्य होती. आता वैद्य आणि वाटाड्या झाली. काजळीच्या तराफ्यावर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा नदी तिच्या तळव्यांतून वर बोलत होती. पलीकडे उतरल्यावर तिचे पाय वाट ओळखत होते आणि त्याच वेळी बोटं वाटेवरची पानं ओळखत होती, कुठलं तापावर, कुठलं जखमेवर. दोन कसबं एकमेकांना वाट करून देत चालली होती. झाडं तिच्याबरोबर हळूहळू वळत होती. एका उंच बुंध्याला तिने हात लावला, तर त्यातून ऊन आतल्या आत वर चढताना जाणवलं. इतकं हलकं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सहा महिने ती रोज दुपारी तिकडे गेली.

*

मार्चमधल्या एका मंगळवारी तिने नव्या मुलामुलींना सांधा समजावून सांगताना तो ठोका वाजवून दाखवला. ठक-ठक, ठक-ठक. तिच्या कपाळाला पट्टी होती, पडद्यावर तिच्या मेंदूची रेघ. सहा महिन्यांपूर्वी याच आवाजाला ती रेघ डोंगरासारखी उठली होती. आज ती हललीदेखील नाही.

"मॅडम, स्पीकर बंद आहे का?" एका मुलीने विचारलं.

"नाही," गौतमी म्हणाली. आवाज तिला स्वच्छ ऐकू येत होता. शेजारी कुणी भिंतीत खिळा ठोकावा तसा.

त्या आठवड्यात तिने इतर सहा चाचणी-खेळाडूंच्या रेघा काढल्या. सगळीकडे तेच. बार्शीच्या एका शिक्षकाने आजोळच्या कडुनिंबाच्या मोहोराचा वास दिला होता. तो म्हणाला, "वास येतो की. आजोळही आठवतं. पण हल्ली कसं, पत्ता आठवावा तसं आठवतं." हे बोलताना त्याला वाईटही वाटत नव्हतं, आणि गौतमीला भीती वाटली ती त्याचीच.

कारण कळायला वेळ लागला नाही. आठवण काढली की ती क्षणभर मऊ होते आणि पुन्हा ठेवली जाते. ठेवताना आजूबाजूचं जे असेल ते तिला चिकटतं. एका दुपारी हजार वेळा पेशा बदलायचा, म्हणजे हजार वेळा ती आठवण उपसायची आणि पानं, वाटा, तराफे यांच्यात परत ठेवायची. आपल्या माणसांना चिकटलेली तिची बाजू झिजून जायची. काय घडलं ते राही, घडल्याची ऊब जाई.

तिचे वरिष्ठ निहार यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "माणूस आठवतो ना? प्रसंग आठवतो? मग नक्की हरवलं काय, हे तू मला वाक्यात सांग."

गौतमीला सांगता आलं नाही.

"गणपतीत आपण हे सगळ्यांना देतोय," निहार म्हणाले. "शुक्रवारपासून चारशे जणांची मोठी चाचणी. तुला वाक्य सापडलं की ये. मी थांबवीन."

माणूस वाईट नव्हता, आणि त्याने विचारलेलंही चूक नव्हतं. गौतमी जागेवर येऊन चारशे जणांची यादी बघत बसली. आता खूण आवाजाच्या तुकड्यावरून घेत नव्हते. खेळाडूने मनात आठवायचं, पट्टी ठसा घेई, आणि यादीत समोर चार शब्द लिहून ठेवायचे. मोगरा. कुत्र्याचं ओलं नाक. बाबांचं खाकरणं. एकशे अठ्ठ्याहत्तराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

विलास उंबरे, येवला. विणकर अधिक वाटाड्या. खूण: डावीकडून आलेला 'हं'.

त्यांनी तिला न सांगता नाव घातलं होतं. नाव खोडणं तिच्या हातात होतं, एका बोटाचं काम. पण मग संध्याकाळी फोनवर ते विचारणार, माझं नाव कसं गळालं गं, आणि तिला खोटं बोलावं लागणार. तिने गाडी काढली.

*

ती पोचली तेव्हा पप्पा जेवून उठले होते. चाचणी दुसऱ्या दिवशी दोन वाजता होती आणि ते लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होते.

"तू कशी आलीस मधल्या दिवशी? जेवलीस का? पोळ्या आहेत."

"पप्पा, तुम्ही चाचणीत नाव घातलंत आणि मला सांगितलं नाहीत."

"तुला सांगितलं असतं तर तू वशिला लावलास म्हणाले असते लोक." ते हसले. "आणि म्हटलं, पलीकडे पोचल्यावरच सांगावं. तो रंग घेऊन."

"खूण 'हं' दिलीत."

पप्पा लाजले. सत्तरी उलटलेला माणूस असा लाजताना गौतमीने पहिल्यांदाच पाहिला. "यादीत दिसतं होय ते? मला वाटलं, गुप्त असतं."

तो 'हं' गौतमीला माहीत होता. पदर विणताना दोघं शेजारी बसत. ओळ भरली की पप्पा आधी एक हलका ठोका देत. मग आई डाव्या काठावरून बोट फिरवून बघे, काठ सरळ आहे ना, धागा सुटला नाही ना, आणि म्हणे, "हं." मग दुसरा ठोका, जोराचा, ओळ पक्की करणारा. भांडण झालेलं असलं, दोन दोन दिवस बोलणं बंद असलं, तरी 'हं' चुकत नसे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

गौतमीने त्यांच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलं. यंत्र काय करतं, आठवण कशी झिजते, बार्शीचे शिक्षक काय म्हणाले. पप्पा ऐकत होते. उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरलेला.

"म्हणजे विसरेन मी?"

"नाही. शब्द आठवेल, आई आठवेल. पण तो आवाज आठवला की तुम्हाला आत जे होतं ना, ते होणार नाही."

"तुला काय माहीत, मला आत काय होतं?"

"नाही माहीत. पण होणार नाही, हे माहीत आहे. माझं झालंय तसं."

पप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू काय दिलं होतंस?"

गौतमीने कोपऱ्यात चादरीखाली झाकलेल्या मागाकडे पाहिलं. सबंध प्रवासात एकच वेडी आशा तिने धरून ठेवली होती, की मोबाइलमधला आवाज मेला असेल. खरा अजून जिवंत असेल.

पप्पा उठले. चादर ओढून बाजूला केली, धूळ उडाली. रिकाम्या मागाची फणी त्यांनी थरथरत्या हाताने धरली आणि दोनदा ओढली. ठक-ठक.

"काय?"

गौतमीने मान हलवली.

"काहीच नाही?"

"लाकडावर लाकूड आपटल्यासारखं वाटलं, पप्पा," ती म्हणाली आणि मग लहान पोरीसारखी रडू लागली. आपण आपल्या बापाला त्याच्या सगळ्या आयुष्याचा आवाज आपल्या लेखी आता लाकडाचा आहे असं तोंडावर सांगितलं, याची लाज तिला त्या क्षणी असह्य झाली.

पप्पांनी तिला रडू दिलं. मग ते आत गेले, पाणी घेऊन आले, निम्मं वाटेत सांडलं, आणि शेजारी बसून म्हणाले, "तो सांधा कसा घातलायस, तो सांग मला. नीट सांग. धागा कुठला घेतलास, आणि अडकवलास कुठे?"

तिने डोळे पुसत सांगितलं. एक खूण. सगळ्यात जवळची. दर बदलाला तीच.

पप्पांनी कपाळावर हात मारला. "अगं, कुणाची लेक तू? अडकवायला सोन्याची जर घेतं का कुणी? अडकवायला साधं उरलेलं रेशीम घ्यायचं, चिंधीतलं. आणि एकाच जागी ओळीमागून ओळी अडकवत गेलीस तर तिथला उभा धागा कापणारच. दर ओळीला एक घर इकडे, एक घर तिकडे सरकवायचं. तुझी आई ओरडायची ना माझ्यावर, सरकवा म्हणून?"

बारा वर्षांचा अनुभव, चार मजली इमारत, आणि सांध्याला जिवाभावाचीच खूण लागते का, हे कुणीही तपासून पाहिलं नव्हतं.

"चिंधी म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे रोजचं. नळाला पाणी आल्याचा आवाज. पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. त्या मनमाडच्या बसचा कर्कश हॉर्न. पन्नास घे. आळीपाळीने लाव. झिजले तर झिजले, माझं काय जातंय त्यात?"

"सांधा थोडा कच्चा बसेल."

"मग हळू चालीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमीने निहारना वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी मागावर ठोका दिला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं नाही." निहारनी त्याच दुपारची चाचणी थांबवली. गणपती गेले, दिवाळीही गेली. कंपनीला लोकांनी नावं ठेवली. पन्नास चिंध्यांचा सांधा तयार व्हायला पुढचा फेब्रुवारी उजाडला.

*

नवा सांधा खुला झाला त्या दिवशी गौतमी येवल्यालाच होती. बापलेकींनी वरण-भात खाल्ला, पट्ट्या लावल्या आणि आडवं होऊन डोळे मिटले. पलीकडच्या गिरणीचा पट्टा फट-फट वाजत होता, मग तो पाण्याचा आवाज झाला, आणि काजळी नदी समोर वाहू लागली.

पप्पा काठावर उभे होते. पाठीला लहानसा माग बांधलेला, अंगावर वाटाड्याची राखी घोंगडी. तराफ्यावर पाय ठेवताना ते थबकले. नऊ वर्षं त्या तराफ्याने त्यांना परत पाठवलं होतं; आता ती दहा झाली होती. कुठूनतरी मनमाडच्या बसचा हॉर्न अगदी पुसट वाजून गेला आणि तराफा हलला.

पलीकडे उतरल्यावर ते हळू चालत होते, म्हणाले होते तसेच. जरा अडखळत, मग पायांना वाट सापडत. झाडांनी त्यांना बघून घेतलं. संध्याकाळ खाली आली आणि बुंध्यांवर तो रंग पेटला, हाताच्या अंतरावर. पप्पांनी बुंध्याला बोट लावलं. साल जराशी ओलसर होती; बोटाबरोबर रंगाचा एक बारीक तंतू सुटून आला, मग दुसरा. ते गुंडाळत गेले आणि हसत गेले. मागाचं ओझं घेऊन आलेला कारागीरच तो रंग काढू शकत होता, आणि वाट माहीत असलेलाच तिथवर येऊ शकत होता.

त्यांनी तिथेच माग मांडला. उजवीकडे बसले. हात दगडासारखा स्थिर होता.

गौतमी समोर गवतात बसली. तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं, काही वाटलं नाही तरी आज त्यांना सांगायचं, पप्पा, बरं वाटलं. पहिली ओळ भरली. ठक. लाकडावर लाकूड. तिने डोळे मिटले आणि दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली, तो आला की खोटं हसायला तयार होऊन.

तो आला नाही.

तिने डोळे उघडले. पप्पांचा हात फणीवर तसाच थांबलेला होता. मान किंचित डावीकडे वळलेली. तिथे गवत होतं, बाकी काही नव्हतं. एक श्वास जाईल इतका वेळ ते तसेच राहिले आणि मग त्यांनी जोराचा ठोका दिला. दुसरी ओळ. ठक. पुन्हा हात थांबला, पुन्हा मान तेवढीच वळली. मग ठक.

गौतमीला आवाज कापताना पडद्यावर दिसलेली ती आकृती आठवली, ठोक्यांचे दोन उंचवटे आणि मधला सपाट तुकडा. दीड सेकंद. काही नाही म्हणून तिने स्वतः तो कापून टाकला होता. यंत्राने ठोके घेतले होते, ते झिजून गेले होते. मधली जागा तिने यंत्राला दिलीच नव्हती. ती जशीच्या तशी होती. तिसऱ्या ओळीला पप्पांचा हात थांबला, आणि त्या शांततेत तिच्या पोटात ते उबदार हललं. चटई, दुपार, घरात सगळे आहेत. ती उभी राहिली.

"पप्पा, तुम्ही अजून थांबता?"

"कुठे थांबतो?" पप्पांनी खरंच न कळून विचारलं. त्यांना माहीतच नव्हतं. अकरा-बारा वर्षं, दर ओळीला.

गौतमी वळसा घालून गेली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली. पप्पांनी पुढची ओळ भरली. ठक. हात थांबला. तिने डाव्या काठावरून बोट फिरवलं. काठ सरळ होता, धागा सुटला नव्हता.

"हं," गौतमी म्हणाली.

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. क्षणभर त्यांचा स्थिर हातही जरासा हलला, आणि मग दुसरा ठोका पडला.